किनारपट्टीवर गार वारे

त्रिंबकने फळ्यावर 'किनारपट्टीवर उष्णतेची' एवढं लिहिलं आणि खडू तसाच टेकवून तो थांबला. मागे शिवकन्या उभी होती. तिची दुधाची किटली रिकामी करून झाली होती, तरी ती गेली नव्हती. कडेवरच्या पोरीला सावरत, ओठ हलवत ती फळ्यावरचं एकेक अक्षर जुळवत होती. 'किनारपट्टीवर' एवढा लांबलचक शब्द तिनं दमानं पार केला. तिचे डोळे पुढच्या शब्दाशी पोचायच्या आत त्रिंबकने तो तळहातानं पुसला आणि लिहिलं, 'गार वारे.'

"दर्याकडं गार हाय म्हणायचं," शिवकन्या म्हणाली.

"रेडिओनं सांगितलंय."

रेडिओनं तसलं काहीही सांगितलं नव्हतं. प्रादेशिक बातम्यांच्या शेवटी त्या बाईनं स्वच्छ आवाजात सांगितलं होतं, की कोकणात उष्णतेची लाट आहे, हवा दमट आहे, पुढचे काही दिवस उकाडा वाढत जाईल आणि दुपारी कुणी उघड्यावर काम करू नये. मराठवाड्याच्या वाट्याला तिनं नेहमीचा एकच शब्द दिला होता, कोरडे. तो त्रिंबकने जसाच्या तसा खाली उतरवून घेतला. त्यात फेरफार करायला काही जागाच नव्हती.

तसं पाहिलं तर दूध सोसायटीच्या फळ्यावर हवामान लिहायचं काही कारण नव्हतं. फळा होता दुधाचे आकडे लिहायला. पण दुष्काळाचं हे सलग दुसरं वर्ष. विहिरी तळाला गेल्या, जनावरं छावणीत गेली आणि दोनशे लिटरची सोसायटी अठरा लिटरवर येऊन बसली. चेअरमन सुंदरराव शिस्तीचे. कधीकाळी ते सहकाराच्या शिबिराला पुण्याला जाऊन आले होते, तेव्हापासून कोरा फळा त्यांच्या डोळ्यांत खुपायचा. "कायतरी लिवत जा बे त्रिंबक," ते म्हणाले. "तपासनीस आला तर म्हणंल, सोसायटी मेली." सेक्रेटरी त्रिंबकला संध्याकाळी रेडिओ ऐकण्यापलीकडे कामच उरलं नव्हतं. त्यानं हवामान लिहायला घेतलं.

आणि दर्याकडं उत्तरेश्वर होता, शिवकन्येचा नवरा. यंदा उसाचं टिपरू नव्हतं. कारखाने संक्रांतीलाच बंद पडले, टोळ्या हात हलवत परत आल्या आणि नेकनूरच्या बाजारात भेटलेल्या एका मुकादमाबरोबर तो मिठागरावर गेला. समुद्राचं पाणी वाफ्यात अडवायचं, उन्हानं आटू द्यायचं आणि खाली उरलेलं मीठ फावड्यानं ओढायचं, असं ते काम. ज्या उन्हानं इथलं पीक जाळलं, तेच ऊन तिथं पीक काढत होतं. पाऊस आला की मिठागर बंद, मग उत्तरेश्वर घरी. म्हणून शिवकन्या रोज फळा वाचायची.

त्रिंबकने समुद्र पाहिलेला नव्हता. लहानपणी बिंदुसरेचं धरण सांडव्यावरून वाहताना त्यानं पाहिलं होतं. तेच दहापट करायचं आणि काठानं माड लावायचे, झाला त्याचा समुद्र. पण एकदा खोटं लिहिलं म्हटल्यावर दुसऱ्या दिवशी ते निभावणं आलं, आणि निभावता निभावता त्याला त्याची गोडीच लागली. दुपारी सोसायटीच्या बाजेवर तो पडायचा, पत्रा कडकड वाजायचा आणि डोळ्यावर झापड आली की पत्र्यावरून पाणी वाहतंय असं वाटायचं. संध्याकाळी तेच फळ्यावर यायचं. हर्णे, मुरुड, अलिबाग : सायंकाळी वारा सुटेल. लाटा मंद. माडांच्या सावल्या लांब पडतील. पहाटे पांघरूण लागेल.

गाव वाचायला लागलं. टँकरच्या रांगेत उभं राहून अंग आंबलेल्या बाया घागर खाली ठेवून दोन मिनिटं फळ्यासमोर थांबायच्या. पांघरूण लागेल, हे वाचून कुणीतरी हसायचं, कुणी पदरानं मान पुसत नुसतंच बघत राहायचं. अंगणात बाजा टाकून पडलेली माणसं हर्णे, मुरुड अशी नावं घेऊन बोलायची, जणू तिथं त्यांच्या लेकी दिल्या होत्या. आप्पारावसारख्या आडदांड माणसानंही एकदा विडी विझवून विचारलं, "त्रिंबक, तुझ्या दर्याला म्हणावं, एक फुंकर हिकडं बी मार की!"

सगळ्यात शेवटी यायची ती उत्तरेश्वरची आई, भिवराबाई. तिला अक्षर येत नव्हतं. पायरीवर बसून ती म्हणायची, "वाच बाबा." त्रिंबक वाचायचा. ती डोळे मिटून ऐकायची आणि ऐकून झालं की गुडघ्यावर हात देऊन उठायची. एवढ्या सुखानं त्रिंबकचं बोलणं आयुष्यात कुणी ऐकलं नव्हतं. त्याला मनापासून बरं वाटायचं, यात लपवण्यासारखं काही नाही.

मग एका मंगळवारी शिवकन्येनं कसंबसं अर्धा लिटर दूध मापात ओतलं आणि किटली उलटी करून झटकली.

"उद्यापसून दूध न्हाई, भावजी. गाय माहेरी धाडली. भावाच्या हिरीला थोडं पाणी हाय."

"बरं केलं."

"आन् बेस्तरवारी मी दर्याकडं चाललेय."

त्रिंबकच्या हातातलं माप कॅनच्या काठावर आपटलं. "कावून?"

"तिथं गार हाय की," ती म्हणाली. कडेवरच्या पोरीचं झबलं तिनं मागून वर केलं. पाठभर घामोळं उठलं होतं, मानेवर दोन गळवं झाली होती. "हिच्या अंगाची बघा कशी लाही हुतीय."

त्याला तिथल्या तिथं सांगता आलं असतं. पण शिवकन्या किटली घेऊन निघून गेली आणि तो मापातलं दूध कॅनमध्ये ओतायचंही विसरला.

बुधवारी त्यानं फळा ओल्या फडक्यानं पुसला, पाण्याची उधळपट्टी करून पुसला, आणि ठसठशीत अक्षरात लिहिलं, 'किनारपट्टीवर उष्णतेची तीव्र लाट. दुपारी उघड्यावर काम करू नये. लहान मुलांना जपावे.' शेवटचं वाक्य त्याच्या पदरचं होतं. लिहून तो वाट बघत बसला. पण गाय गेली होती, दूध नव्हतं, शिवकन्या कशाला येते? प्रवासाच्या गडबडीत भिवराबाईही आली नाही. अंधार पडायच्या आत तो त्यांच्या घराच्या कोपऱ्यापर्यंत गेला. आतून दशम्या भाजल्याचा वास येत होता आणि भिवराबाई सुनेला सांगत होती, "त्याला म्हणावं, वाऱ्यावर उघडा निजू नगं." त्रिंबक तिथूनच माघारी फिरला.

गुरुवारी मात्र तो सकाळीच सायकल हाणत नेकनूरच्या स्टँडवर पोचला. बीडची एसटी यायची होती. शिवकन्या गाठोड्यावर बसली होती. भिवराबाई नातीला घेऊन पलीकडे टपरीच्या सावलीत उभी होती. त्रिंबकने सायकल भिंतीला टेकवली. धाप लागली होती, पण थांबला असता तर परत गेला असता.

"वैनी, फळ्यावरचं खोटं हाय. मीच लिवत व्हतो. दर्याकडं आग पडलीय, रेडिओ रोज तेच सांगतोय. पोरीला तिथं नेऊ नका."

शिवकन्या चिडेल, रडेल, निदान काहीतरी बोलेल असं त्याला वाटलं होतं. तिनं टपरीकडं एकदा पाहिलं, पदराची गाठ सोडली आणि चार घड्या घातलेलं निळं पत्र त्याच्या हातात दिलं. अक्षर उत्तरेश्वरचं होतं. सातवीपर्यंत एका बाकावर बसलेल्या माणसाचं अक्षर त्रिंबकला ओळखायला वेळ लागला नाही. 'ऊन सोसवत नाही,' त्यानं लिहिलं होतं. 'खाऱ्या पाण्यानं पाय फुटले, भेगांतून रगत येतं. उभं राहवत नाही. मुकादम पावसाबिगर सोडीना. तू येऊ नको. आईला कळू देऊ नको.'

"कवा आलं हे?"

"झाले की पंधरा दिस. तुमी पयल्यांदा गार वारं लिवलं ना, त्याच दुपारी."

म्हणजे ती ओठ हलवत फळा वाचत होती, तेव्हा हे पत्र तिच्या पदरात होतं. इतके दिवस आपण हिला फसवलं या विचारानं तो मंगळवारपासून सुकून गेला होता, आणि ही बाई सगळं जाणून त्याचं तोंड बघत उभी राहिली होती. त्याला लाज वाटली, आणि लाजेहून जास्त तिचं वाईट वाटलं.

"मंग तुमी कावून चाललाव?"

"त्यांच्या जागी उभं ऱ्हायला. कुणीतरी फावडं धरल्याबिगर मुकादम त्यांना बसू देतोय व्हय?" ती हळू बोलत होती. "पोरीला न्यायला मी काय येडी हाय का? ती ऱ्हाती आत्याबाईंपाशी. आत्याबाईंना पायाचं काई ठाऊक न्हाई. दर्याकडं गार हाय म्हणून तर त्यांनी मला सोडलं. खरं कळलं असतं तर मला बसवून सोता निघाल्या असत्या, ह्या वयात."

एसटी धुरळा उडवत वळली. शिवकन्येनं पत्र परत पदराच्या गाठीत बांधलं, गाठोडं उचललं.

"तुमी लिवणं सोडू नका, भावजी," ती म्हणाली.

भिवराबाई नातीला घेऊन जवळ आली. सासू-सुनांचं बोलणं दोन वाक्यांत झालं. दशम्या कुठल्या फडक्यात आहेत आणि पाणी कुठल्या बाटलीत आहे, एवढंच. पोरगी एसटीकडं बघून हात हलवत राहिली. परत येताना त्रिंबकने तिला सायकलीच्या दांडीवर बसवलं आणि सायकल हातात धरून तो भिवराबाईबरोबर चालत आला.

त्या दिवशी संध्याकाळी सोसायटीत साडेसोळा लिटर दूध झालं. रेडिओवरच्या बाईनं किनारपट्टीवरची लाट आणखी चार दिवस राहील असं सांगितलं. फळ्यावर बुधवारचं खरं तसंच होतं. ते पुसून नवीन लिहावं म्हणून त्रिंबकने खडू घेतला, तेवढ्यात भिवराबाई नातीला घेऊन आली आणि पायरीवर टेकली. आज ती पहिल्यांदाच इतक्या लवकर आली होती.

"वाच बाबा."

त्रिंबकने फळ्याकडं पाहिलं. 'उष्णतेची तीव्र लाट' या शब्दांखाली त्यानं बोट ठेवलं आणि बोट सरकवत तो शांतपणे वाचू लागला, "किनारपट्टीवर गार वारे. लाटा मंद. सांजच्याला झुळूक ऱ्हाईल. पहाटे पांघरूण लागंल."

भिवराबाईनं मान हलवली. पोरीला मांडीवर पालथं घालून तिनं झबलं वर केलं आणि घामोळ्यावर हळूहळू फुंकर घालायला लागली.

"बरं झालं," दोन फुंकरींच्या मध्ये ती म्हणाली. "वारं लागलं म्हंजी त्याच्या पायाची आग तरी निवंल."

त्रिंबकचं बोट फळ्यावरच राहिलं. पायाचं तिला कुणी सांगितलं नव्हतं. तो वळला, तेव्हा भिवराबाई फळ्याकडं बघत नव्हती, त्याच्याकडंही नाही. तिचं सगळं लक्ष पोरीच्या पाठीवर होतं.

"आता दोघं हाईत तिथं," ती म्हणाली. "उद्या जरा जास्तीचं वाच."