चुकीच्या प्रबंधाचे रक्षण

डॉक्टरेट करू इच्छिणाऱ्या माणसाला आपल्याकडे प्रथम एक अजब गोष्ट सिद्ध करावी लागते: आपण जे शोधणार आहोत, ते आजवर कोणालाही शोधावेसे वाटले नाही. बुलढाण्याच्या एका महाविद्यालयात समाजशास्त्र शिकवणाऱ्या संघपालने हे काम निष्ठेने केले. विषय होता ‘धाडच्या आठवडी बाजारातील स्त्रिया’. देशभरचे प्रबंध ज्यावर ठेवतात त्या संकेतस्थळावर त्याने मराठीत शोधले, इंग्रजीत शोधले, गावाच्या नावाने शोधले आणि बाजाराच्या नावाने शोधले. संगणक दर वेळी शून्य दाखवी आणि प्रत्येक शून्यागणिक त्याचा आनंद वाढे.

त्याच्या मार्गदर्शक सुवर्णाबाई अनुभवी होत्या. संकेतस्थळावर जे नाही ते जगात नाही, असे समजून पुढे चल, असे त्यांनी सांगितले. पण संघपालला नसती उठाठेव करण्याची खोड होती. तो विद्यापीठाच्या ग्रंथालयात गेला. आणि समाजशास्त्राचा माणूस जिकडे सहसा फिरकत नाही त्या वाणिज्य शाखेच्या कपाटात, काळ्या रेक्झिनच्या बांधणीत, सोनेरी अक्षरांत त्याला आपले दुर्दैव सापडले: ‘धाड येथील बाजारपेठेतील महिला ग्राहक’. १९९२ सालचा प्रबंध. लेखक, देऊळघाटचे प्राध्यापक महादेवराव. तो आजवर कोणी नेल्याची नोंद नव्हती. परीक्षकांनी तरी तो उघडला होता की नाही, याविषयी शंकेला जागा होती. कारण दोनशेव्या पानानंतर पुन्हा एकशे ऐंशीवे पान बांधले गेले होते आणि त्याबद्दल कोणीही कुरकुर केलेली नव्हती.

आता विषय वाचवायचा तर एकच मार्ग होता: जुना प्रबंध चुकीचा आहे, असे विद्यापीठाच्या मान्यता समितीला दाखवणे. सुदैवाने तो भरपूर चुकीचा होता. धाडच्या बाजारात स्त्रिया भाव करीत नाहीत, असा त्याचा मुख्य निष्कर्ष होता. त्या बाजारात वांग्यांच्या ढिगापाशी क्षणभर उभा राहिलेला माणूस हे वाक्य गंभीर चेहऱ्याने वाचू शकला नसता.

तथापि हयात वडीलधाऱ्या माणसाचे वाभाडे त्याला न सांगता काढणे संघपालला प्रशस्त वाटेना. तो देऊळघाटला गेला. आपला प्रबंध कोणीतरी वाचला, हे ऐकून निवृत्त महादेवराव इतके हरखले, की त्यांनी पत्नीला, गीताबाईंना, चहाबरोबर भजीही करायला सांगितली. भजी संपल्यावर संघपालने येण्याचे कारण सांगितले. मग मात्र बराच वेळ वाद झाला. आपण पाहणी शास्त्रशुद्ध केली, बायकांना त्यांच्या घरी जाऊन विचारले, आणि आम्ही भाव करीत नाही असे सगळ्यांनी एकमुखाने सांगितले, असे महादेवरावांचे म्हणणे होते. त्या वेळी शेजारी कोण बसले होते, असे संघपालने नम्रपणे विचारले.

“नवरे,” महादेवराव म्हणाले आणि भज्यांच्या रिकाम्या बशीकडे पाहू लागले.

“सासवाही असतीन,” गीताबाई आतून म्हणाल्या.

थोड्या वेळाने महादेवरावांनी मान वर केली. “लिही तू. पन नाव घेऊन लिही. इतके वर्सं झाले, कोनं मले शिवीसुद्दा देल्ली नाही.”

समितीच्या बैठकीत अध्यक्षांनी संघपालचा आराखडा चाळला, समोरच्या संगणकावर महादेवरावांचे नाव टंकले आणि असा प्रबंधच अस्तित्वात नसल्याचे जाहीर केले. महादेवरावांना खोडून काढणारे प्रकरण तेवढे वगळावे, विषय नवा आहे, मान्यता लगेच मिळेल, असे ते उदारपणे म्हणाले. सुवर्णाबाईंनी टेबलाखालून संघपालच्या पायावर पाय दिला.

“सर, प्रबंध आहे,” संघपाल म्हणाला. “चुकीचा आहे, पण आहे.”

अध्यक्षांचा चेहरा आंबट झाला. असेल तर तो संकेतस्थळावर दिसला पाहिजे, आणि चुकीचा असेल तर त्याची चूकही तिथे दिसली पाहिजे, असे त्यांनी बजावले. लेखकाच्या संमतीने पुढील बैठकीपर्यंत तो तिथे चढवावा. अन्यथा विषय रद्द.

“आयती गाडी समोर उभी होती,” बाहेर आल्यावर सुवर्णाबाई म्हणाल्या, “अन् तू तिच्यात बसाचं सोडून चाकाखाली जाऊन झोपला.”

संमती देण्यात महादेवरावांनी यत्किंचितही विलंब केला नाही. ठरलेल्या दिवशी ते महाविद्यालयाच्या संगणक कक्षात प्रबंध घेऊन हजर झाले. सोबत पिशवीत ताज्या हस्ताक्षरातले एक नवे प्रकरणही होते. मधल्या काळात ते गीताबाईंबरोबर धाडच्या बाजारात जाऊन आले होते आणि त्यांचे डोळे उघडले होते. जुना निष्कर्ष काढून तिथे हा नवा टाकावा, असा त्यांचा आग्रह होता.

संघपालने स्कॅनरचे झाकण मिटले. “सर, तुमी चूक सुधारली त मी शोधू काय?”

“अन् साऱ्या देशानं मले येडा म्हनाव काय, तुया डॉक्टरेटसाठी?”

दोघांचेही म्हणणे बिनतोड होते, त्यामुळे वाद लांबला. पाहणीतली चूक ही लेखकाची मालमत्ता असून ती केव्हाही मागे घेण्याचा त्याला हक्क आहे, असे महादेवराव म्हणत. एकदा पदवी घेतली की चूक विद्यापीठाच्या मालकीची होते, असे संघपाल म्हणे. अखेरीस महादेवरावांनी चष्मा काढून पुसला.

“तुया प्रबंधात तू मले कितीक ठिकानी खोडून काढशीन?”

“हरेक प्रकरणात,” संघपाल म्हणाला. “नाव घेऊन.”

महादेवरावांनी नवे प्रकरण पिशवीत परत सरकवले. निष्कर्षाचे पान स्कॅनरच्या काचेवर नीट बसेना, तेव्हा ते त्यांनी स्वतःच तळहाताने दाबून धरले.