शकुबाईच्या तळव्यावरचा तीळ

मी एक जुना तीळ आहे. मित्रांनो, सध्या माझा मुक्काम प्रयोगशाळेतल्या काचपट्टीवर आहे. पण जन्म जवळा बाजारच्या शकुबाईच्या डाव्या तळव्यावरचा.

लहानपणी माझं फार कौतुक झालं. "पायाला तीळ हाय, पोरगी लई मुलूख फिरनार," असं तिची आत्या सगळ्यांना सांगायची. शकुबाई फिरली ती घरून शेतात आणि शेतातून घरी. ती तूट माझ्या नावावर कुणी मांडली नाही, एवढी मेहेरबानी. पण कापसाच्या ओळींतली सकाळची गार, दमट माती मला अजून आठवते. काचेला तसला वास नसतो.

उतारवयात मी पसरू लागलो. एका कडेनं काळा, दुसरीकडून भुरका. शकुबाईला वाटलं, काटा मोडला. तिनं गावच्या रीतीनं बिब्बा तापवून त्याचं तेल लावलं. आता त्यात माझा काळेपणा किती आणि बिब्ब्याचा किती, कुणाला कळावं? नवरा किसनराव न वाकताच म्हणाला, "बिब्ब्याचा डाग हाय, जाईल." डाग वाढतच गेला. शेवटी सून शिवकन्या तिला हिंगोलीला घेऊन आली.

डॉक्टरीणबाईंनी दिव्याचं भिंग लावलं. "तळव्याच्या रेघांच्या खोबणीत रंग असला, तर बहुधा साधा तीळ. उंचवट्यांवर चढला, तर कॅन्सरची शंका. इथं बिब्ब्यानं सगळंच रंगवलंय. तीळ काढून तपासावा लागेल."

"काहून? पाय तोडता का काय?" शकुबाईनं पाय मागं ओढला.

"न्हाई ओ मामी, नुसता तीळ काढून राहिल्यात," शिवकन्या म्हणाली. "बिब्बा लावताना इचारलं व्हतं का कोनाला?"

मला काढलं, तेव्हा शकुबाईनं वैऱ्याकडं पाहावं तसं माझ्याकडं पाहिलं. एवढ्या वर्षांची सोबत! वाईट वाटलं. पण मी तिचा सोबती होतो की वैरी, हे मलाही ठाऊक नव्हतं.

सूक्ष्मदर्शकाखाली माझ्या पातळ चकत्या गेल्या. तपासणाऱ्या डॉक्टरांनी एकेक चकती निरखून पाहिली. मग म्हणाले, "पेशी वेड्यावाकड्या आहेत, पण कॅन्सर नाही. पूर्ण निघालाय." शकुबाईचा पाय वाचला, आणि जीवही.

मित्रांनो, अंगावरच्या तिळांची ओळख ठेवा. तळवेसुद्धा उलटून पाहा. एखादा वाढला, रंग पालटला, तर त्याच्यावर काही फासू नका, आधी दाखवा. मी निर्दोष निघालो. माझ्यासारखा दिसणारा दुसरा निघेलच, याची हमी मी देत नाही. मला तर माझीही देता आली नव्हती.