ओ निगेटिव्हची सात नावे

मी एक जुनी क्वेरी आहे. मित्रांनो, क्वेरी म्हणजे संगणकात साठवलेल्या माहितीला नेमक्या शब्दांत विचारलेला प्रश्न. जळगावच्या एका रक्तपेढीत बारा वर्षांपूर्वी लीलाधर नानांनी मला लिहिले. माझे काम एकच, हव्या त्या रक्तगटाचे दाते शोधून देणे. "हिला विचारलं की वही चाळायला नको," असे नाना कौतुकाने म्हणत. पुढे ते निवृत्त झाले आणि मला कोणी लिहिले हेही लोक विसरले. काम मात्र मी चोख करत राहिले.

यंदा रक्तपेढीने आमचे जुने घर, म्हणजे माहिती साठवणारा डेटाबेस, सोडून नवा घेतला. पिंप्राळ्याची संगणक अभियंता कामिनी आम्हा क्वेरींना नव्या घराची भाषा शिकवू लागली. माझ्या कित्येक बहिणी तिथे अडखळल्या. त्यांच्या चुका पडद्यावर लाल अक्षरांत उमटत आणि कामिनी त्या दुरुस्त करी. मी पहिल्याच फटक्यात चालले, म्हणून मला कोणी तपासले नाही. मलाही त्याचा अभिमान वाटला.

तिसऱ्या दिवशी सकाळी एका दवाखान्यातून फोन आला. ज्योती नावाच्या बाळंतिणीला ओ निगेटिव्ह रक्त हवे होते आणि पेढीत एकच पिशवी शिल्लक होती. तंत्रज्ञ तोताराम भाऊंनी मला विचारले. मी दोनच नावे दिली. दोघांनीही गेल्याच महिन्यात रक्त दिले होते, इतक्यात त्यांना पुन्हा देता येणार नव्हते.

भाऊंनी दोन्ही नावे पुन्हा वाचली. "कामिनीताई, यात आपले नेहमीचे दाते, एरंडोलचे अमृत आबा नाहीत. असं होणार नाही."

कामिनीने आबांची नोंद उघडली. त्यांचा रक्तगट इंग्रजी लहान अक्षरांत लिहिला होता आणि मी मोठ्या अक्षरांत विचारत होते. जुना डेटाबेस दोन्ही एकच मानायचा, नवा मानत नव्हता.

"चूक माझी आहे, भाऊ. ही चालली, म्हणून मी उत्तर पाहिलंच नाही," कामिनी म्हणाली. तिने मला बदलले. आधी सारी अक्षरे लहान करायची, मगच जुळवून बघायचे. या वेळी मी सात नावे दिली.

भाऊंनी लगेच आबांना फोन लावला. "मी वावरमा शे," आबा शेतातूनच अहिराणीत म्हणाले. "आत्तेच निंघस."

तासाभरात ते आले. त्यांच्यामागून आणखी दोघे आले. संध्याकाळी ज्योती धोक्याबाहेर असल्याचा निरोप मिळाला.

पुढचे चार दिवस कामिनीने प्रत्येक क्वेरी जुन्या आणि नव्या अशा दोन्ही डेटाबेसना विचारली आणि उत्तरे शेजारी ठेवून पाहिली. आणखी तीन जणी माझ्यासारख्याच निघाल्या, न अडखळता कमी सांगणाऱ्या.

मित्रांनो, आता मी नव्या घरात पक्की रुळले आहे. पण तुम्ही कधी आम्हाला हलवलेत, तर जी अडते तिच्याइतकेच जी गुपचूप चालते तिच्याकडेही लक्ष द्या. माझ्या उत्तरातून गळलेले नाव मला दिसत नाही. ते तुम्हालाच शोधावे लागते.