दरबारचे शेवटचे बदाम

मी एक जुनी दगडी कुंडी आहे, मित्रांनो. ग्वाल्हेरजवळच्या मुरार गावच्या तालमीत माझ्या पोटात बदाम घोटून पैलवानांची थंडाई होत असे. आता माझ्यात चिमण्यांसाठी पाणी ठेवतात. चिमण्या परवडल्या. नको असेल तेव्हा त्या निदान पीत तरी नाहीत.

ग्वाल्हेर संस्थान होतं तेव्हा तालमीला दरबाराकडून खुराक येई. बदाम, दूध, तूप, कशालाच कमी नव्हतं. लाकडी सोट्यानं मला घोटघोट घोटत आणि पैलवान मिशा पुसत म्हणत, काय झकास उतरलीय! कौतुक थंडाईचं, झीज माझी. पुढे संस्थान विलीन झालं, मध्यभारत नावाचं नवं राज्य आलं आणि खुराक बंद पडला. शेवटच्या खुराकातले बदाम उमाजी वस्तादांनी बरणीत भरून देवाच्या फळीवर ठेवले. रोज त्यांना हात जोडत. अहो, बदाम खायचे असतात! पण दगडाचं ऐकतो कोण?

नव्या राज्यात कुस्त्यांचे नियमही नवे. पैलवानाला आधी काट्यावर चढवायचं, ठरलेल्या वजनापेक्षा जास्त भरला की बाहेर. वस्तादांचा लाडका शागीर्द जगदेवराव अशाच स्पर्धेत उतरणार होता. जिंकला तर पोलिसांत नोकरी लागणार होती. वडिलांची संस्थानी पलटण मोडल्यापासून घरात कमावतं कोणी नव्हतं. वजन मात्र थोडं जास्त. मग काय, वस्तादांनी त्याचं जेवण तोडलं, पाणी तोडलं, भर उन्हात घोंगडी पांघरून पळवलं. त्याची आई शांताताई भाकरी घेऊन आली, तिलाही दारातूनच परत पाठवलं. पोराचे गाल बसले, ओठ फुटले. मला हात असते तर सोटा मीच उचलला असता.

स्पर्धेच्या सकाळी गोरखी वाड्याजवळच्या मैदानात जगदेव धान्य तोलायच्या काट्यावर बसला. वजन बरोबर भरलं. कुस्तीला अजून अवकाश होता. शांताताईंनी मऊ भात आणि ताक आणलं होतं. तेवढं दिलं असतं तर काय बिघडलं असतं? पण वस्तादांनी मला टांग्यातून उतरवलं आणि बरणीचं झाकण उघडलं.

बदाम पोटात पडताच मी ओळखलं, खवट झालेत. वस्तादांचं नाक तपकिरीनं कधीच गेलेलं. स्वतः बसून त्यांनी ते घोटले, वर वाटीभर तूप ओतलं आणि दरबारचा खुराक आहे म्हणत पेला जगदेवच्या हातात दिला. पहिल्या घोटालाच त्याचा चेहरा बदलला. त्यानं वस्तादांकडे पाहिलं. त्यांचे डोळे भरून आले होते. जगदेवनं डोळे मिटून पेला रिकामा केला. अरे बाबा, माझ्याच अंगावर ओतायचास ना!

कुस्ती लागली. जगदेवनं पकड चांगली घेतली होती, पण थोड्याच वेळात पोट धरून वाकला आणि आखाड्याच्या हौद्यातच ओकला. समोरच्यानं त्याला सहज चीत केलं. नोकरी गेली.

पोरगं कच्चं निघालं, असं पुटपुटत वस्ताद माझ्यापाशी येऊन बसले. सहज त्यांनी माझ्या तळाला बोट लावलं आणि जिभेवर ठेवलं. मग त्यांनी जगदेवला जवळ बोलावलं.

"कडू जहर झालेत," ते जगदेवला म्हणाले. "तू मना का नाही केलंस?"

"तुम्ही स्वतः घोटलं होतं, वस्ताद," जगदेव म्हणाला. "मना कैसे करता?"

वस्तादांनी बरणी बाजूला सारली. शांताताईंकडून भाताचा डबा मागून घेतला. आधी स्वतः एक घास खाऊन पाहिला, मग डबा जगदेवपुढे धरून हळूच विचारलं, "खाशील?"

इतकी वर्षं मी तालमीत काढली, पण हा प्रश्न त्या दिवशी पहिल्यांदा ऐकला. मित्रांनो, तुम्ही तरी तो आधी विचारत जा.