दुपारची सोबत

संगणक सुरू व्हायचा, पडद्यावर टिपके गोल गोल फिरायचे, आता उघडेल असं वाटेपर्यंत काळोख व्हायचा आणि पुन्हा पहिल्यापासून सगळं. घाण्याचा बैल परवडला, तो निदान तेल तरी काढतो. दोन दिवस हे चाललं होतं. तिसऱ्या दिवशी सकाळी दुरुस्तीवाली आली. खांद्याला पिशवी, केस वर बांधलेले, तोंडाची टकळी जिना चढतानाच सुरू.

"काय केलंत, आजी?"

"काही नाही. झोपायच्या आधी बटण बंद केलं, रोजच्यासारखं."

"कुठलं? भिंतीवरचं?"

"मग काय छतावरचं?"

ती हसली. "अपडेट चालू असताना बंद करू नका, असं लिहिलेलं असतं."

"तेच तेच किती वेळ लिहीत होतं! मला वाटलं, बंद व्हायचं विसरलंय."

आमच्या घरात खोलीतून उठलं की आधी हात बटणाकडे जायचा. आईची शिकवण. आई जाऊन कितीतरी वर्षं झाली, हात अजून तिचंच ऐकतो.

"यात महत्त्वाचं काय आहे? फोटो, कागद?"

"काही नाही. मला दुपारी ताई दिसली पाहिजे, बस्स."

"एवढंच ना? मग सगळं पुसून नव्यानं टाकते. उद्या संध्याकाळपर्यंत मिळेल."

"उद्या नको गं बाई. आजच."

मग तिला सांगावं लागलं. ताई माझी थोरली बहीण, दूर मुलाकडे असते. तरुणपणी ती कापडगिरणीत होती. मागांच्या खडखडाटात शेजारणीचं बोलणं ऐकू येत नसे, म्हणून तिथल्या बायका नुसते ओठ हलवून बोलायच्या. ताईने ते मला घरी शिकवलं. वडीलमाणसं बसलेली असायची आणि आम्ही खोलीच्या दोन टोकांना बसून आवाज न करता त्यांचीच चेष्टा करायचो. "या दोघी माशासारखी तोंडं काय हलवतात?" आई म्हणायची. पुढे गिरणीने ताईचे कान खाल्ले. आता तिला फोनवर काही ऐकू येत नाही आणि फोनच्या टिचभर काचेवर ओठ दिसत नाहीत. म्हणून मोठा पडदा. जेवणं झाली की आम्ही समोरासमोर बसतो. मी मटार सोलते, ती कपड्यांच्या घड्या घालते. बोलतो थोडंच.

"आणि हल्ली ती विसरते," मी म्हणाले. "मी दिसले नाही तर मला शोधायला दार उघडून रस्त्यावर जाते. एकदा गेली होती."

दुरुस्तीवालीचं माझ्या तोंडाकडे लक्ष गेलं. "म्हणून ही लिपस्टिक होय? मला वाटलं, माझ्यासाठी नटलात."

"तिला ओठ नीट दिसावेत म्हणून. तुझ्यासाठी कशाला नटू, तू काय मला बघायला आलीयस?"

ती कामाला लागली. आधी प्रिंटर आणि इतर सगळ्या वायरी काढल्या. मग टिपके फिरायला लागले की संगणकाचं बटण दाबून धरायची आणि तो बंद पाडायची. मी ओरडले, "अगं, मला नको म्हणतेस आणि स्वतः?"

"दोन-तीनदा मध्येच अडवला की त्याला कळतं, काहीतरी बिघडलंय. मग स्वतःच विचारतो."

खरंच निळा पडदा आला. त्यात शिरत शिरत तिने शेवटचं अपडेट काढून टाकायला सांगितलं. आम्ही वाट बघत बसलो. मी चहा केला. तिचा संपला, माझा निवला. भिंतीवरच्या घड्याळाकडे बघायचं नाही असं ठरवून मी चारदा बघितलं. मग टिपके थांबले आणि नेहमीचं चित्र उघडलं.

"आता बटणाला हात लावायचा नाही," तिने बजावलं आणि ती गेली.

मी मटार घेऊन बसले आणि संगणकावरून ताईकडे फोन लावला. पडद्यावर तिची सून आली.

"मावशी, झाला दुरुस्त? तुम्ही उगाच काळजी करत होतात. सासूबाईंना तुमचा मोठा फोटो पडद्यावर लावून दिला होता. दोन्ही दुपारी शांत बसल्या. कुठेही गेल्या नाहीत."

"बरं झालं गं," मी म्हणाले. खरंच बरं झालं होतं.

ती बाजूला झाली. मागे ताई मांडीवर टॉवेल घेऊन बसली होती. तिने वर बघितलं. मी ओठ मोठे करून विचारलं, "कशी आहेस?"

ती माझ्याकडे बघत राहिली, जरा वैतागूनच. मग तिचे ओठ हलले. आवाज नव्हता, पण मला नीट कळलं. "गप्प बस की. काल किती छान हसत होतीस."

मी हसले. तिचं समाधान झालं असावं, कारण तिने टॉवेलची घडी घातली, मोडली, पुन्हा घातली. मला सांगायचं होतं की टिपके फिरत होते, दुरुस्तीवाली बडबडी होती, मला दोन दिवस मटारही सोलवले नाहीत. पण मी हलले की ती मान वर करायची. म्हणून ऊन भिंतीवरून उतरेपर्यंत मी हसऱ्या तोंडाने, न हलता बसून राहिले.