चुन्याची बोटं

देवमननं आयुष्यात थापा फार मारल्या नाहीत, पण म्हातारपणी मारलेली एक थाप त्याच्या चांगलीच अंगाशी आली. तिच्यापायी तो आज सकाळी सकाळी, गुडघ्यांना राईचं तेल चोळून, वस्तीमागच्या डोंगराच्या पायथ्याशी उभा होता. सोबत त्याच्या धाकट्या भावाची मुलगी स्नेहा होती. ती वाशीमच्या कॉलेजात भूगर्भशास्त्र शिकवते, म्हणजे पोरांना दगड ओळखायला लावते आणि त्याचा पगार घेते. देवमनला याचं अजून नवल वाटे.

पंधरा दिवसांपूर्वी ती वस्तीवर येऊन म्हणाली होती, की या लाव्हाच्या डोंगरातून एक पायवाट आखायची आहे. शहरातली माणसं येतील, चालतील, दगड बघतील. देवमन पोटभर हसला होता. पण मग ती म्हणाली, “दोन वाटा हायेत, मोठेबाबा. एक तलावाकडून, सोपी. दुसरी वरून, मोठ्या मायची. पण ते कोनाले ठाऊक असंन तर.”

आणि चार माणसांत बसलेला देवमन ऐटीत बोलून गेला, “मले पाठ हाये ते वाट. लयदा गेलो मी तिच्यासंगं.”

खरं म्हणजे तो एकदाही गेला नव्हता.

मोठी माय म्हणजे त्याची बायको गंगू. पलीकडच्या किन्हीराजा गावच्या दर बाजाराला ती डोक्यावर पाटी घेऊन हा डोंगर ओलांडायची. कधी सीताफळं, कधी टेंभरं, कधी नुसती मेथी. तीस वर्षं हेच चाललं. देवमन सडकेनं जायचा, डोंगराला वळसा घालून, सायकलवर. बाजारात दोघं भेटायची आणि परत येतानाही आपापल्या वाटेनं यायची. निघताना ती दर वेळी म्हणे, “एकडाव चाला नं माह्यासंगं. वरती बसाले लय चांगली जागा हाये.” आणि तो दर वेळी म्हणे, “पुढच्या बाजारी.” पुढचे बाजार संपतात, हे त्याच्या ध्यानातच नव्हतं. तीन वर्षांपूर्वी चार दिवसांच्या तापात गंगू गेली. तिच्यामागं त्या वाटेनं कोणी गेलं नाही आणि गवतानं ती गिळून टाकली.

आज संध्याकाळी स्नेहा पायवाटेचा नकाशा कॉलेजात पाठवणार होती. वाट सापडली नाही तर तलावाकडची ठरणार आणि गंगूचे पाय तीस वर्षं जिथं पडले ती जागा कायमची गवतात जाणार. देवमनला हे सोसवणार नव्हतं. थाप उघडी पडायची भीती होतीच, पण ती दुसऱ्या नंबरावर होती.

धुकं अजून उठलं नव्हतं. कुसळी गवत ओलं होतं आणि त्यातून काळे दगड हळूच वर येत होते. स्नेहा चालता चालता बोलत होती. हा डोंगर एकदम झाला नाही म्हणे. आग वाहत आली, थिजली. त्यावर माती झाली, झाडं आली, कितीक हजार वर्षं निवांत गेली, मग पुन्हा आग आली. वाकळीवर वाकळ टाकावी तसे थर. मध्येच तिनं एका लाल पट्ट्यावर हात ठेवला. “हे तवाची माती हाये, मोठेबाबा. वरच्या लाव्हानं भाजलेली.”

देवमननंही हात ठेवला. भाजलेली माती थंडगार होती. आपल्या पायाखाली एक रान निजलंय, त्याखाली आणखी एक, असं काहीसं त्याच्या मनात आलं आणि झोपेत चालल्यासारखा तो पुढं चालू लागला. धुक्यात कोणीतरी दहा पावलं पुढं जातंय असं वाटत होतं, पाटी तोलत, मागं न बघता. त्याला जरासुद्धा भीती वाटली नाही. उलट बरं वाटलं.

तेवढ्यात कमरेइतक्या उंच दगडावर त्याला पांढरा ओघळ दिसला. चुना!

गंगू तंबाखू खायची. चुना लावून झाला की बोटावरचा उरलेला, हाताशी येईल त्याला पुसायची. घराच्या चौकटीवर तिच्या बोटांची रांग होती. यावरून त्यानं तिला जन्मभर बोल लावले, आणि ती गेल्यावर घराला रंग दिला तेव्हा रंगाऱ्याला त्या चौकटीला हात लावू दिला नाही.

“इकडून,” तो खणखणीत आवाजात म्हणाला. पुढं दुसरं बोट सापडलं, मग तिसरं. देवमनला हुरूप आला. बाई, तू तर पाट्याच लावून ठेवल्यास, असं तो मनात म्हणाला. लाल पट्टा ओलांडला तशी बोटं वाढली. इथं पाच, तिथं दहा, वर, उजवीकडं, पुन्हा खाली. तो भारल्यासारखा जात राहिला आणि तासाभरानं दोघं एका पळसापाशी पोचली. त्याच पळसापाशी दोघं थोड्या वेळापूर्वीही येऊन गेली होती.

स्नेहानं एक दगड उचलून त्याच्यापुढं धरला. काळ्या दगडात पांढरे ठिपकेच ठिपके होते. “हा चुना नाई, मोठेबाबा. लाव्हात बुडबुडे राह्यले होते, त्याइच्यात मागून हे खडे भरले. हा आखा उतार असाच हाये.” मग ती हळूच म्हणाली, “तुमाले वाट पाठ होती नं?”

देवमन मटकन खाली बसला. डोंगराच्या अंगावरचे ठिपके तो बायकोची बोटं समजून फिरत होता. त्याला रडू आलं आणि त्यानं ते लपवलं नाही.

“मी एकडावबी आलो नाई, पोरी. मोठी माय बलावे. मी पुढच्या बाजारी, पुढच्या बाजारी करत राह्यलो. लोकाइत खोटं बोललो.”

स्नेहानं पाण्याची बाटली दिली. मग पहिल्या दगडाकडं परत नेऊन म्हणाली, “नखानं खरडून पाहा.” त्यानं खरडलं. नखाखाली पांढरी पूड आली. “आता हे खरडा.” तिनं उतारावरून सोबत आणलेल्या दगडाचा ठिपका काही केल्या निघेना.

“नखात येते ते मोठ्या मायचं,” स्नेहा म्हणाली. “नाई येत ते डोंगराचं.”

मग सहासष्ट वर्षांचा देवमन डोंगर खरडत निघाला. कधी वाकून, कधी चक्क रांगत. कोणी पाहिलं असतं तर म्हाताऱ्याला खूळ लागलं म्हटलं असतं. शंभर ठिपक्यांत एक बोट नखात यायचं. पण यायचं. धुकं विरळ झालं तेव्हा त्याची दहाही नखं पांढरी होती आणि दोघं डोंगराच्या माथ्यावर, एका मोहाच्या झाडाखाली उभी होती.

तिथं बसायला एक काळा दगड होता, झिजून गुळगुळीत झालेला. त्याच्या डाव्या अंगाला चुनाच चुना, बोटावर बोट. गंगू डावखुरी होती. आणि शेजारी, खाली बारीक दगड लावून डुगडुगू नये असा बसवलेला, अर्धा पाटा होता.

देवमननं टाकीचे घाव ओळखले. घरचाच, वाटणाचा पाटा. सात वर्षांपूर्वी हलवताना त्याच्याच हातून पडून दुभंगला होता. एक तुकडा न्हाणीत गेला, दुसरा कुठं गेला म्हणून त्यानं विचारलंही होतं. “कुठं जाते, असंन,” एवढंच ती म्हणाली होती. मेथीच्या पाटीत घालून तिनं तो इथवर आणला होता.

पाट्याला चुन्याचं एकही बोट नव्हतं. त्यावर कोणी बसलंच नव्हतं.

तो बसला. समोर किन्हीराजा दिसत होतं आणि डोंगराला वळसा घालणारी सडक या टोकापासून त्या टोकापर्यंत. एक सायकलवाला तिच्यावरून चालला होता. इथून तो कुठंच नजरेआड होत नव्हता.

“नकाशावर काय नाव टाकू?” स्नेहानं विचारलं.

“गंगूची वाट टाक. अन् लिही, का वाट पाठ असलेलं कोनी राह्यलं नाई, नखानं पाहत पाहत या.”

त्यानं खिशातून तिची चुन्याची डबी काढली. तीन वर्षं ती नुसतीच जवळ होती. आतला चुना वाळून गेला होता. त्यानं बाटलीतलं थोडं पाणी घातलं, बोटानं कालवलं आणि ते बोट पाट्याच्या कडेला पुसलं.

“आलो वं,” तो शेजारच्या दगडाकडं पाहून म्हणाला. “बाजार उठून गेला असंन आता. पन आलो.”