रुमालाखालचा भाव

मी एक जुना रुमाल आहे. मित्रांनो, रुमाल म्हटल्यावर तुमचा हात खिशाकडे जाईल; पण मी तसला नाक पुसायचा रुमाल नव्हे. मी चांगला अडीच हात लांब आहे, जाड सुताचा, तांबड्या काठाचा. काठ आता विटला आहे. मधोमध सूत इतकं विरळ झालं आहे, की मला उन्हात धरलं तर पलीकडचा माणूस ओळखू येतो. उमेदीच्या काळात मात्र माझ्यातून काहीच दिसत नसे. तेच तर माझं काम होतं.

इचलकरंजीच्या एका मागावर मी विणला गेलो. तिथून गठ्ठ्यात बांधून कोल्हापूरला मंगळवार पेठेतल्या एका दुकानात आलो. एके दिवशी मुनव्वर बागवान नावाचे गृहस्थ दुकानात आले. ते भाजीचे दलाल होते. शेतकरी माल आणतो, व्यापारी तो घेतो, आणि दोघांच्या मध्ये उभा राहून भाव ठरवून देतो तो दलाल. मुनव्वरचाचांनी मला उलगडलं, माझ्याखाली हात घातला आणि दुकानदाराला विचारलं, "किती बोटं?" दुकानदार डोळे बारीक करून बघत राहिला. त्याला सांगता येईना. चाचा हसले आणि मला खांद्यावर टाकून घेऊन गेले.

तुम्हाला वाटेल, भाव ठरवायला रुमाल कशाला? आमच्याकडची ती जुनी रीत होती. माल मांडला की व्यापारी एकेक करून पुढे येत. दलाल मला हातावर पसरी. व्यापारी माझ्याखाली हात घाली आणि दलालाची बोटं दाबून आपला भाव सांगे. एक बोट धरलं तर एक, पंजा धरला तर पाच; ते सुटे रुपये की दहा-दहाचे, हे त्या दिवशीच्या बाजारावरून दोघांनाही ठाऊक असे. शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या व्यापाऱ्याला त्यातलं काही कळत नसे. सगळ्यांचे हात येऊन गेले, की ज्याचा भाव जास्त त्याला माल मिळे, आणि दलाल तो भाव शेतकऱ्याला मोठ्यानं सांगे. मुनव्वरचाचा म्हणत, की रुमालाखाली जेवढं झालं तेवढंच रुमालाबाहेर यायला पाहिजे. त्यांनी हा नियम कधी मोडला नाही. पुढे त्यांचा मुलगा रशीद त्यांच्या जागी उभा राहिला, आणि मी बापाच्या खांद्यावरून लेकाच्या खांद्यावर आलो. रशीदभाईंनीही तो नियम मोडला नाही. हे मी सांगतो आहे, कारण माझ्याइतकं ते दुसऱ्या कुणालाच ठाऊक नव्हतं.

कोणता महिना चालू आहे ते कळायला मला कधी भिंतीवरच्या कॅलेंडरकडे बघावं लागलं नाही. हातांवरून कळायचं. थंडीत बोटं गार असत, आणि मेथीच्या पेंडीला, म्हणजे जुडीला, धरायला एकच बोट पुरे. फ्लॉवर तर इतका येई, की व्यापारी हात घालतानाच जांभई देई. मग भोगी येई. एरवी कुणी विचारत नाही ते गाजर आणि वरण्याच्या शेंगा त्या एका दिवसासाठी नवरदेवासारख्या मिरवत, आणि दुसऱ्या दिवशी पुन्हा कोपऱ्यात. चैत्रात हातांना कैरीच्या चिकाचा वास येई, लिंबू आणि काकडी भाव खाऊन जात. पावसाचा जोर झाला की पालेभाज्या शेतातच कुजत, आणि बोटांची संख्या वाढे. श्रावणात निम्मं कोल्हापूर मटण सोडून भाजीकडे वळे. पितृपंधरवड्यात गवारीला आणि कारल्याला मान चढे. आणि कोथिंबीर! तिच्यासारखी लहरी भाजी मी पाहिली नाही. एका आठवड्यात चाळीस, दुसऱ्या आठवड्यात चार.

त्या दिवसांत माझा मोठा थाट होता. रशीदभाईंच्या घरी जरीनाभाभी मला इतर कपड्यांत भिजवत नसत. मला वेगळं धुऊन, वेगळं वाळवून, घडी घालून ठेवत. घरात कुणी माझ्या टोकाला तोंड पुसलं, तर त्या म्हणत, "तो भावाचा रुमाल हाय, त्यावर कुणाचं तोंड न्हाय लागायचं."

अशी तीस-बत्तीस वर्षं गेली. मग तो श्रावण आला.

मुरगूडचे सयाजी पाटील रशीदभाईंचे सगळ्यात जुने शेतकरी. दोघं एका वयाचे. सयाजीदादांनी दुसऱ्या कुणाच्या गाळ्यावर कधी माल उतरवला नव्हता. त्या वर्षी आठ दिवस पाऊस हटला नाही. बहुतेकांची कोथिंबीर पाण्यात गेली. सयाजीदादांची मात्र माळावर होती. खडकाळ जमीन, पाणी निचरून गेलं आणि कोथिंबीर तरारून उभी राहिली. निम्मी काढून त्यांनी ती टेम्पोतून आणली. गाळ्यावर पेंड्या उतरल्या तेव्हा वासानं माणसं वळून बघत होती.

त्या दिवशी माझ्याखाली सात हात येऊन गेले. शेवटचा हात जयसिंगपूरच्या बाहुबलीअण्णांचा. अण्णा जैन, चातुर्मासात स्वतः पालेभाजी तोंडात घालत नसत, पण विकायला गाडीभर घेत. रशीदभाई त्यांना त्यावरून दरवर्षी चिडवत, आणि अण्णा दरवर्षी सांगत, की खायचं पोट आणि विकायचं पोट वेगळं असतं. अण्णांनी चार बोटं धरली. पेंडीला चाळीस. मला ती चार बोटं अजून आठवतात. रशीदभाईंनी मला बाजूला केलं आणि मोठ्यानं सांगितलं, "सयाजीराव, चाळीस." सयाजीदादा खूश झाले. जाताना त्यांनी घरी न्यायला बुंदीचे लाडू घेतले.

दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुन्हा आले. माल नव्हता. हातात फोन होता. शेजारच्या जिल्ह्यातल्या बाजारचा आदल्या दिवशीचा भाव त्यांच्या फोनवर कुणीतरी पाठवला होता. कोथिंबीर, पेंडीला साठ.

इतकी वर्षं ते रशीदभाई म्हणत आले होते. त्या दिवशी चारचौघांत नुसतं रशीद म्हणाले.

"रशीद, तितं साठ झालं. तू मला चाळीस सांगितलंस. वरचं वीस कुठं ऱ्हायलं? त्या फडक्यात?"

रशीदभाईंनी मला खांद्यावरून काढलं आणि दोन्ही हातांत धरून उभे राहिले. त्यांनी सांगितलं, की चाळीसच झालं होतं. सयाजीदादा म्हणाले, की कुणी बघितलं? आणि मित्रांनो, रुमालाखालचं कुणीच बघितलेलं नसतं. बाहुबलीअण्णांनी पुढे होऊन शपथ घेतली असती, तरी लोक म्हणाले असते, की व्यापारी आणि दलाल एकाच माळेचे मणी. एक मी होतो ज्यानं ती चार बोटं अंगावर झेलली होती. पण मी पडलो सूत. मला तोंड कुठलं?

त्या दिवशी तीन शेतकऱ्यांनी आपली पोती उचलून शेजारच्या गाळ्यावर नेली. त्यातल्या एक बाळाबाई होत्या. त्या वीस वर्षं दोडका आणत होत्या. त्यांनी जाताना रशीदभाईंकडे बघितलंसुद्धा नाही. ते रशीदभाईंना सयाजीदादांच्या शब्दांपेक्षा जास्त लागलं, असं मला वाटतं. कारण त्यानंतर बराच वेळ ते आपले हात मलाच पुसत राहिले.

दुसऱ्या सकाळी त्यांनी गाळ्याच्या भिंतीला खिळा मारला आणि मला त्याच्यावर अडकवलं. मग त्यांनी जाहीर केलं, की आजपासून माझ्या गाळ्यावर भाव तोंडानं बोलायचा, शेतकऱ्याच्या समोर.

आपण किती देणार हे शेजारच्याला कळणार, हे कुणाही व्यापाऱ्याला नको होतं. चौघं निघून गेले. बाहुबलीअण्णा मागे राहिले, पण तेही घुटमळत होते. "रशीदभाई, आमची बोटं बोलत्यात. तोंडाला सवय न्हाय," ते म्हणाले. शेवटी नव्या नवरीनं उखाणा घ्यावा तसं खाली बघत त्यांनी कोथिंबिरीच्या पेंडीला "बावीस" म्हटलं, आणि स्वतःच लाजले. पाच दिवस गाळ्यावर निम्माही माल आला नाही. आणि मी खिळ्यावरून बघत राहिलो. लोकांचा विश्वास ज्याच्यामुळे उडाला तो मीच, असं मनात येई. धूळ बसत होती. जरीनाभाभींनी धुण्यासाठी मला मागितलं नाही.

इकडे साठाची बातमी गावोगाव गेली होती. पाऊस उघडला, आणि ज्याच्याकडे म्हणून चार वाफे उरले होते त्यानं कोथिंबीर उपटली. बाजारात ढीग लागले. चाळीसचे बावीस झालेच होते, बावीसचे पंधरा झाले, पंधराचे नऊ. सयाजीदादांनी उरलेली निम्मी कोथिंबीर साठाच्या आशेनं चार दिवस जास्त उभी ठेवली होती. मग त्यांनी ती रशीदभाईंकडे न आणता शेजारच्या जिल्ह्यातल्या त्याच बाजारात नेली.

सहाव्या दिवशी सकाळी, बाजार ऐन भरात असताना, ते गाळ्यावर आले. काखेत एकच पेंडी होती. त्यांनी कुणाला नमस्कार केला नाही. समोरच्या ढिगातली एक पेंडी उचलली, काखेतली तिच्या शेजारी ठेवली आणि ओरडून सगळ्यांना बोलावलं. जे शेतकरी सोडून गेले होते त्यांना नावं घेऊन बोलावलं. बाळाबाईंना दोनदा हाक मारावी लागली.

दोन पेंड्या शेजारी शेजारी होत्या. आपल्याकडची मुठीत मावणारी. काखेतून आलेली तिच्या दीडपट जाड.

सयाजीदादांनी सगळं सांगितलं. त्या बाजारात पेंडीच मोठी बांधतात. तिथल्या दलालानं त्यांचा माल सोडून पुन्हा बांधायला लावला आणि त्यांच्या तीन पेंड्यांच्या दोन केल्या. म्हणजे तिथले साठ आणि इथले चाळीस यांत काहीच फरक नव्हता. फोनवर भाव आला होता, पेंडीची जाडी आली नव्हती. आणि एवढं होऊनही ते गेले त्या दिवशी तिथं साठ नव्हतेच. मोठ्या पेंडीला बारा मिळाले.

"रशीदभाई," ते म्हणाले, "चारचौघात बोललो हुतो. म्हणून चारचौघात सांगाय आलो. तुमचं चाळीस खरं हुतं."

रशीदभाईंनी दोन्ही पेंड्या हातात घेऊन तोलल्या. चूक कबूल करणाऱ्याला लगेच माफ करावं, असं पुस्तकात असतं; पण माणसाच्या मनाला तेवढं लवकर वळता येत नाही. त्यांनी पेंड्या खाली ठेवल्या आणि विचारलं, "मग आता काय इकाय आणलंयसा?"

"काय न्हाय. हात द्या."

सयाजीदादांनी मला खिळ्यावरून काढलं. एकदा झटकलं. दोघांच्या मध्ये पसरलं आणि माझ्याखाली हात घातला. शेतकऱ्याचा हात माझ्याखाली कधीच आला नव्हता. ती जागा व्यापाऱ्याची. हात खरखरीत होता, नखांत माळाची माती होती. रशीदभाई जरा थांबले. मग त्यांनीही हात घातला.

मी वाट बघत होतो. आता एक बोट धरलं जाईल, किंवा दोन. पण कुणीच बोट मोजलं नाही. सयाजीदादांनी अख्खा हात हातात घेतला आणि धरून ठेवला. दोघं दुसरीकडे बघत होते. बाहुबलीअण्णांना राहवेना. त्यांनी विचारलं, "पावणं, कितीला ठरलं?" बत्तीस वर्षांत माझ्याखाली पहिल्यांदाच कसलाही भाव झाला नाही.

त्यानंतर शेतकरी परत आले. बाळाबाईंनी दोडक्याची पाटी उतरवताना रशीदभाईंना एवढंच ऐकवलं, की शेजारच्या गाळ्यावर चहा पांचट मिळतो. सयाजीदादांनीच आग्रह केला, की आता रुमाल पुन्हा काढा, जुनी रीत चालू दे. रशीदभाईंनी नकारार्थी मान हलवली. "माझं खरं हुतं, पण मला ते दाखवता आलं न्हाय," ते म्हणाले. "झाकून ठेवायचं कशाला?"

सुरुवातीला मला वाईट वाटलं, हे खोटं कशाला सांगू? ज्या कामासाठी विणलो गेलो ते संपलं. काही महिने मी गाळ्याच्या कोपऱ्यात पोत्यांखाली पडून होतो. मग एका उन्हाळ्यात रशीदभाईंची नात मेहक सुट्टीत गाळ्यावर आली. फळ्यावर भाव लिहायचं काम तिनं मागून घेतलं. दुपारी कोथिंबीर मान टाकायला लागली, तेव्हा ती शोधत शोधत माझ्यापर्यंत आली. तिनं मला स्वच्छ धुतलं, पिळलं आणि ओल्या अंगानं पेंड्यांवर पसरलं.

मित्रांनो, तुमच्या घरी असं एखादं जुनं कापड असेल, तर ते फाडून फरशी पुसायला घेण्याआधी त्यानं काय काय पाहिलं ते घरच्या म्हाताऱ्यांना एकदा विचारा. आणि कुणाबद्दल मनात शंका आली, तर बोलण्याआधी दोन्ही पेंड्या शेजारी ठेवून बघा. माझी एवढीच विनंती आहे.

माझं बरं चाललं आहे. दिवसातून चारदा पाणी मिळतं. अंगाखाली कोथिंबिरीचा गारवा असतो. आणि आता कुणीही येतं, माझं टोक उचलतं आणि खाली काय आहे ते बघून घेतं.